लाईन क्लिअर मागणारे काका

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगीच वाट पाहत बसायला नको. बेंगळूरूला मी दुसऱ्याच फेरीत हरले. माझं नाव पेपरात आलं नाही, आमच्या बीरगावात बँड वाजला नाही, आणि बाबांनी स्टेशनवर आणलेला हार पिशवीतून तसाच घरी परत आला. तेव्हा ही माझ्या जिंकण्याची गोष्ट नाही. ही काकांची गोष्ट आहे. त्यांनी मला खेळायला शिकवलं, आणि त्यांच्याशी मी एकदा जे वागले त्याबद्दल माझं मत आजही पक्कं आहे, तरी ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

काका नात्यातले नाहीत; रेल्वेतून रिटायर झालेले. सुरुवातीची वर्षं लहानलहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर, मग शेवटपर्यंत कंट्रोल ऑफिसात. म्हणजे गाडी डोळ्यांनी न पाहता, एका लांबलचक कागदावर पेन्सिलीने रेघा ओढून, कोणती गाडी कुठे थांबेल आणि कोणती पुढे जाईल हे ठरवायचं काम. मूळचे गोंदियाकडचे, पण रायपुरात इतकी वर्षं काढली की भाजीवालीशी छत्तीसगढीत भांडायचे, शेजाऱ्यांशी हिंदीत बोलायचे आणि रागवायचं असलं की मराठीत यायचे. शंकर नगरात त्यांचं घर. पोर्चमध्ये एक चौकोनी टेबल, चार खुर्च्या, आणि दर रविवारी रेल्वेच्या घड्याळाने पंधरा-चाळीसला, म्हणजे दुपारी तीन-चाळीसला, डाव. "काका, पावणेचारपर्यंत येते," असं म्हटलेलं चालायचं नाही. "मधली पाच मिनिटं कोणाच्या बापाची?" असं विचारायचे, आणि खरंच उत्तराची वाट पाहायचे.

डाव कसला, तर रमी नाही, तीनपत्ती नाही. ड्रॅगन, चेटकिणी, दगडी राक्षस असले रंगीत पत्ते असतात ना, खाली इंग्रजीत बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेले, ज्याने त्याने आपापल्या पत्त्यांची पेटी जमवून आणायची, तो खेळ. चौघं बसतात. प्रत्येकाला चाळीस जीव. आपली बारी आली की जनावरं मांडायची, पाहिजे त्याच्यावर सोडायची, त्याचे जीव कमी करायचे. काही पत्ते दुसऱ्याच्या बारीतही टाकता येतात, त्याचा वार अडवायला. शेवटी जो जिवंत राहील तो जिंकला. एवढं कळलं की पुरे. बाकीचे नियम मला पाठ आहेत, तुम्हाला त्यांची गरज नाही.

एवढ्या मोठ्या माणसाला हा नाद लागला कसा? तर शंकर नगरात एक मेडिकल स्टोअर आहे, तिथले मालक, आम्ही त्यांना मेडिकलवाले भैया म्हणतो, दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर मित्रांबरोबर हा खेळ मांडून बसायचे. काका बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले आणि मागे उभं राहून पाहत राहिले. खेळाचा एकही नियम त्यांना माहीत नव्हता. पाच-सात मिनिटांनी भैयांच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुम हारने वाले हो." भैया म्हणाले, "काका, मेरे पास सबसे बड़ा ड्रॅगन है." काका म्हणाले, "इसीलिए." आणि भैया हरले. गोळ्या काउंटरवरच राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी काका नियमांचं पुस्तक मागायला आले.

हीच त्यांची पहिली शिकवण. चौघांच्या डावात जो पहिला मोठा होतो, तो पहिला मरतो, कारण बाकीच्या तिघांना न बोलता एकच काम मिळतं. "दोन नंबरले बसायचं," असं ते म्हणायचे. "एक नंबर दिसला पाहिजे, पण तो दुसरा कोणी असला पाहिजे." मी सुरुवातीला दर रविवारी दणादण मोठी जनावरं मांडायची आणि अर्ध्या तासात बाहेर बसून काकूंच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खायची. काका वाकून विचारायचे, "काय मग, वडी कशी झाली?" मला असा राग यायचा! पण पुढच्या रविवारी हात आवरायला शिकले.

काकांनी सगळ्या पत्त्यांना आपली नावं ठेवली होती. ड्रॅगन म्हणजे मालगाडी: जड, उशिरा सुटणारी, आणि एकदा सुटली की सगळ्यांना बाजूला उभं करणारी. छोटे बुटके म्हणजे पॅसेंजर. आणि मौनाचा शाप नावाचं एक पान आहे, ते टाकलं की समोरून आलेला अख्खा वार तिथेच मरतो, वार करणाऱ्या जनावरांसकट. त्याला ते लाल सिग्नल म्हणायचे. माणसांनाही नावानं हाक मारायचे नाहीत. टेबलाच्या प्रत्येक खुर्चीला स्टेशनचं नाव होतं, आणि जो तिथे बसेल तो ते स्टेशन. मेडिकलवाले भैया भाटापारा. नवा रायपुरच्या कुठल्याशा ऑफिसात काम करणारी एक दीदी कार घेऊन यायची, ती दुर्ग. दीदीचं घर मराठी, तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम हिंदीत. दाराजवळची खुर्ची माझी, म्हणून मी तिल्दा. काका स्वतः कोणतंच स्टेशन नव्हते. ते कंट्रोल.

डाव चालू असताना त्यांच्या मांडीवर पाटी असायची आणि पाटीवर जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा कागद. त्यावर चार आडव्या रेघा, एकेका खेळाडूची. कोणी कोणावर वार केला की या रेघेवरून त्या रेघेवर तिरपी पेन्सिल. आम्ही हसायचो. पण तासाभराने काका त्या कागदावरून वर पाहायचे आणि म्हणायचे, "दुर्गवरून चार बाऱ्या झाल्या, एक गाडी सुटली नाही. यार्डात काहीतरी मोठं जमून राहिलं." आणि दीदीचं तोंड उतरायचं, कारण खरंच जमत असायचं.

मला राग धरायची सवय होती. भैयांनी माझी चेटकीण मारली की मी पुढच्या तीन बाऱ्या भैयांच्याच मागे. काका एकदा डाव थांबवून म्हणाले, "तिल्दा, तू आणि भाटापारा दोघं मिळून दुर्गले जिंकवून राहिले. तिनं तुमाले सांगितलं का तसं?" दीदी गालात हसत होती. तेव्हापासून बदला घ्यायचा झाला तर आधी तिसऱ्याकडे पाहायची सवय लागली, आणि ती मला ऑफिसातही कामाला आली.

काकूंचा या सगळ्यावर एकच आक्षेप होता. तेलकट हातानं पत्ते खराब होतात म्हणून काकांनी वडी खायला चमचे ठेवले होते. "माह्या सांबारवडीले चमचा!" काकू दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. "पत्त्यांले हात धुऊन, अन् वडीले चमचा. देवापुढं पण हा माणूस एवढा सोवळ्यात नाही बसत." काका पाटीवरून मान वर न करता म्हणायचे, "ऐकून राहिलो." चमचे मात्र तसेच राहिले.

आता मुख्य रिवाज सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. रेल्वेत एका स्टेशनवरून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनला आधी विचारावं लागतं, लाईन क्लिअर आहे का. पुढच्याने क्लिअर दिली की गाडी सुटते, आणि मग त्याला शब्द फिरवता येत नाही, कारण गाडी रुळावर असते. काकांनी हेच टेबलावर आणलं. वार कोणावर हे सांगायच्याही आधी विचारायचं, "लाईन क्लिअर?" बाकीच्यांनी एकेकाने "क्लिअर" म्हणायचं, किंवा अडवायचं पान हातात असेल तर "थांब". एकदा क्लिअर म्हटलं की त्या वारावर पान टाकायचं नाही. खेळाच्या पुस्तकात असलं काही नाही. पण आमच्या पोर्चमध्ये दोन वर्षं हाच कायदा होता, आणि दीदीसारखी ऑफिसर बाईसुद्धा फोनवर बोलता बोलता हात वर करून "क्लियर" म्हणायची.

एकदा काकांचीच चूक झाली. भैयांनी क्लिअर मागितली, काकांनी दिली, आणि देऊन झाल्यावर त्यांना हातातलं लाल सिग्नल दिसलं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं आणि स्वतःचे जीव शून्यावर आणले. भैया म्हणाले, "काका, वापस ले लो ना, घर का खेल है." काका म्हणाले, "गाडी निकल गई." त्या दिवशी चमचा घेऊन वडी खायला तेच पहिले बाहेर बसले, आणि खुशीत होते.

मी या टेबलावर कशी आले ते राहिलंच. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एक ऑफिस होतं, तिथे मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून भैयांचा खेळ पाहायची आणि पाहता पाहता अडकले. बाबा उरला या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात कामाला. त्यांना वाटायचं, पोट्टी पीएससीचा अभ्यास सोडून भुताखेतांचे पत्ते खेळून राहिली, हिचं व्हायचं कसं. घरी रोज कटकट. शेवटी मी काकांजवळ रडले, तर पुढच्याच सोमवारी सकाळी स्कूटर घेऊन काका बीरगावात आमच्या दारात हजर. बाबांनी "जय भीम" केला, काकांनी "जय भीम" केला, चहा झाला, आणि काकांनी समजूत वगैरे न घालता सरळ पत्ते काढले. बाबा, आई, मी आणि काका. आईला काही कळलं नाही आणि ती सगळ्यात आधी मेली. बाबा मात्र पूर्ण डाव फक्त माझ्यावर वार करत राहिले. काकांनी विचारलं, "भाऊ, तुमी पोरीलेच काहून मारून राहिले?" बाबा म्हणाले, "घरची आहे. राग नाही धरणार." काका एवढे खूश झाले की त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मला म्हणाले, "तुह्यापेक्षा पक्का खेळाडू आहे."

पण बाबांनी अट घातलीच. त्या वर्षी खेळाच्या कंपनीने रायपुरात स्पर्धा ठेवली होती. जिंकेल त्याला बेंगळूरूच्या मोठ्या स्पर्धेत जागा, आणि तिथेच ते नवे खेळ तपासणारी माणसंही निवडतात, अशी बातमी होती. मला ते काम हवं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवं झालं नव्हतं. बाबा म्हणाले, "जागा मिळाली तर जा, मी काही बोलणार नाही. नाही मिळाली तर ते पत्ते माळ्यावर जातील अन् तू क्लासले जाशील." मी कबूल झाले. जागा एकच होती, आणि पुढल्या वर्षी स्पर्धा होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

स्पर्धा एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. शेवटच्या टेबलावर चौघं उरलो: काका, दीदी, मी आणि कोरब्याहून आलेला एक खेळाडू. मेडिकलवाले भैया आदल्या फेरीतच बाहेर पडले होते आणि माझ्या खुर्चीमागे उभे होते. काकांनी इथेही पाटी आणली होती. बसतानाच मला म्हणाले, "इथं मी कोणाचा काका नाही, समजलं?" मी म्हटलं, "अन् मी कोणाची पोरगी नाही." त्यांना उत्तर आवडलं असावं.

कोरब्यावाल्याने चौथ्याच बारीत ड्रॅगन उतरवला. चांगला होता बिचारा, पण त्याला पोर्चमध्ये बसायला मिळालं नव्हतं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि दोन फेऱ्यांत तो बाहेर. मग काका, दीदी आणि मी. मी दोन नंबरला बसून राहिले, हात आवरून, जशी शिकले होते तशी. दीदीचे पत्ते संपत आले. तिच्याकडे चार जीव उरले, हात रिकामा. ती केव्हाही गेली असती. माझे अकरा, काकांचे तेरा. माझ्या हातात मालगाडी तयार होती. पुढच्या बारीत ती सोडायची आणि संपलं. मी मनात बेंगळूरूला पोचलेही होते.

काकांची बारी आली. त्यांच्यासमोर पॅसेंजरची रांग. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "लाईन क्लिअर?"

"क्लियर," दीदी म्हणाली.

"क्लिअर," मी म्हटलं.

मी म्हटलं म्हणजे तोंड म्हणालं. दोन वर्षांची सवय. डोकं अजून मालगाडीतच होतं. काकांनी सगळी जनावरं एकदम आडवी केली आणि म्हणाले, "तिल्दावर. सगळी." मी बोटांवर जीव मोजले, ते पुरणार नव्हते. आणि मग हातात पाहिलं तर डावीकडून तिसरं पान, लाल सिग्नल.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले.

मागून भैया हळूच म्हणाले, "बहन, तूने बोल दिया." कोरब्यावाला म्हणाला, "बोल दिया मतलब? रूल में कहाँ है?" जज आला. हैदराबादचा, तरणा, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "आपने क्लियर कब कहा? अटैक बताने से पहले या बाद में?" मी म्हटलं, "पहले." तो म्हणाला, "तो वो गिना नहीं जाएगा. आप कार्ड खेल सकती हैं." मग काकांकडे वळून म्हणाला, "सर, आपको कोई ऐतराज़?"

"मुझे काहे का ऐतराज़," काका म्हणाले. "उसको पूछो."

मी काकांकडे पाहिलं नाही. जजकडे पाहत राहिले, त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. माळ्यावरची ती जागा डोळ्यांसमोर आली जिथे आई जुन्या गाद्या ठेवते. आणि मी लाल सिग्नल टेबलावर ठेवलं.

काकांची सगळी जनावरं गेली. माझ्या बारीत मालगाडी सुटली, काकांचे तेराही जीव गेले, आणि दीदी त्यानंतर एक बारी टिकली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. काकांनी पत्ते गोळा करून स्टीलच्या डब्यात भरले, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "चांगलं खेळली." पाटीवरच्या कागदाची चौकोनी घडी केली, खिशात घातली आणि गेले.

मी चोरी केली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. नियम माझ्या बाजूने होता. पोर्चमधला कायदा पोर्चमध्ये. हे मी भैयांना सांगितलं, दीदीला सांगितलं, बसमध्ये खिडकीला सांगितलं. पुढच्या रविवारी बेंगळूरूच्या सरावासाठी पंधरा-चाळीसला मी हजर झाले, पेढे घेऊन. काकांनी पेढा खाल्ला, चमच्याने. मग मी माझ्या खुर्चीवर बसले, तर समोर टेबलावर कागदांचा एक गठ्ठा. मध्ये कार्बन, बाजूला पेन.

"हे काय?"

"पेपर लाईन क्लिअर," काका म्हणाले. "स्टेशनचा फोन बिघडला की तोंडी चालत नाही. कागदावर लिहून, सही करून द्या लागते."

"कोणाचा फोन बिघडला?"

"तिल्दाचा."

दीदी खो-खो हसली. मग माझ्याकडे पाहून पत्ते पिसायला लागली. मला वाटलं, थट्टा आहे, एक दिवस चालेल. कुठलं! काका भैयांना विचारायचे, "लाईन क्लिअर?" भैया "क्लियर." दीदीला विचारायचे, दीदी "क्लियर." मग माझ्याकडे बोट. मी लिहायची: तिल्दा, लाईन क्लिअर, वेळ सोळा-बारा, सही. कार्बनची प्रत काका फाइलला लावायचे. एका डावात वीस-पंचवीस कागद व्हायचे. हात दुखायचा, आणि त्याहून जास्त काय दुखायचं ते सांगायला नको. एकदा मी चिडून सहीच्या जागी ड्रॅगन काढला. काकांनी कागद परत केला. "सही पाहिजे."

आणि विचित्र म्हणजे याच माणसाने मला त्या दिवसांत जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या दोन वर्षांत शिकवलं नव्हतं. आठवड्याच्या मध्येही बोलवायचे. माझी पेटी तीनदा मोडून नव्याने लावली. "तिथं लोक हसत हसत दोस्ती करतील, पहिल्या तीन बाऱ्या कोणाशी करार नाही करायचा." "धमकी एकदाच द्यायची, अन् पाळायची." "मरायची वेळ आली तर रागानं कोणाले डाव देऊन मरू नको, नीट मर." एवढी मेहनत, एवढं प्रेम, आणि मध्येच बोट: लिही. मला समजेना की माणूस मला माफ करून राहिला की शिक्षा देऊन राहिला. मी त्यांना विचारलंही नाही, कारण मला बरोबर माहीत होतं की माझी काही चूक नाही. चूक नाही तर माफी कशाची मागायची?

बेंगळूरूला निघायच्या आधीचा शेवटचा रविवार. मी लवकर पोचले, काका पोर्चमध्ये एकटेच पेन्सिली तासत होते. मी आत काकूंना हातभार लावायला गेले. काकू सांबारवडीचं सारण भाजत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तू जाऊन राहिली ते बरं झालं माय. नाही तर तो पास फुकट गेला असता, त्यावरच तुले पाहायले येतो म्हणतात आता."

"कोणता पास?"

"रेल्वेचा. दोघांचा. फायनलच्या आधीच काढून ठेवला होता त्यांनी." काकू हसल्या. "म्हणे, या वेळी मी जिंकतो अन् तुले बेंगळूरू दाखवतो. अख्खी नोकरी लोकांच्या गाड्या सोडल्या, मले कुठं घेऊन नाही गेले. रोज सकाळी आरशापुढं पत्ते पिसत होते, सांगते तुले. मले त्यातलं काही नाही समजत, पण एवढी हौस मी आमच्या लग्नात पण नाही पाहिली."

मी गॅसजवळ तशीच उभी राहिले. मला वाटायचं, त्या टेबलावर गमावण्यासारखं काही असलेली मी एकटी. काका म्हणजे गंमत म्हणून खेळणारा पेन्शनर माणूस, त्यांचं काय जाणार होतं? दोन वर्षं त्यांच्यासमोर बसले, त्यांच्या हातातलं एकेक पान ओळखायला शिकले, आणि एवढी मोठी गोष्ट मला दिसली नव्हती. मला माझीच लाज वाटली. पान टाकल्याची नाही. टाकताना त्यांच्याकडे न पाहिल्याची.

पुढे ते दोघं त्या पासावर आले खरे. हॉलमध्ये माझ्या मागे बसले, आणि मी दुसऱ्या फेरीत एक नंबरला जाऊन मेले तेव्हा काका एवढंच म्हणाले की घाई केली. मला खेळ तपासायचं काम त्याच प्रवासात मिळालं, हरल्यावर जजशी नियमावरून वाद घातला त्यामुळे. ते काम मी अजून करते, रायपुरातूनच. काकू बेंगळूरूत बाग पाहून आल्या आणि पत्त्यांवरचा त्यांचा राग थोडा कमी झाला. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. अजून कोणी पोचलं नव्हतं. काकांनी तासलेल्या पेन्सिली ओळीने मांडल्या होत्या. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि सरळ विचारलं.

"काका, तुमाले बेंगळूरूले जायचं होतं."

त्यांनी एका पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. "हव," म्हणाले. "जायचं होतं."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू ते पान टाकलं नसतं. मंग मी कोणाले हरवलं असतं?"

"नसतंच टाकलं, काका" हे माझ्या ओठावर आलं होतं. ते म्हटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं, डोळे पुसून आम्ही वडी खाल्ली असती. पण मी त्या क्षणी खरंच विचार केला. माळा दिसला, क्लास दिसला, काकूंचा पास दिसला, काका आरशापुढे दिसले. सगळं एकदम दिसलं.

"टाकलं असतं," मी म्हटलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुह्या काकूचं माहीत असतं तरी?"

"तरी. तुमच्याकडं पाहून टाकलं असतं. रडली असती, काका. पण टाकलं असतं."

त्यांनी हातातली पेन्सिल ओळीत परत ठेवली. आत काकूंची कढई वाजत होती. मला वाटलं, आता हे उठून आत जातील आणि संपलं आपलं या घरातलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले, पण शब्द मागे घेतला नाही.

मग त्यांनी टेबलावर हात लांब करून माझ्यासमोरचा तो कागदांचा गठ्ठा, कार्बनसकट, आपल्याकडे ओढून घेतला.

"पत्ते काढ," काका म्हणाले. "आजपासून तुह्या तोंडाचं चालते मले."